उशिरा उघडणारी मूठ

चेअरमन साहेबांचं भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या, हा आमच्या कॉलेजातला पहिला नियम. नेमणुकीच्या कागदावर तो कुठं लिहिलेला नव्हता, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा कडक पाळला जायचा. कॉलेज सहकारी साखर कारखान्याचं, चेअरमन कारखान्याचे, आणि आम्ही सगळे त्यांच्याच सहीनं चिकटलेले. तेव्हा भाषण कसंही होवो, आणि ते कसंही व्हायचंच, पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांचे तळवे लाल झाले पाहिजेत. मी वनस्पतीशास्त्र शिकवायचो आणि टाळ्या बऱ्या वाजवायचो. माझ्या शेजारी प्राणिशास्त्राचे सर बसायचे. ते दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, प्रसादाची वाट बघत बसल्यासारखे स्वस्थ असायचे.

एकदा चेअरमननी स्टेजवरूनच हटकलं. "काय सर, आमचं भाषण आवडलं न्हाई वाटतं?"

सर सावकाश उभे राहिले. "आवडलं साहेब. पण टाळी वाजवणं मला परवडत न्हाई."

सगळा मंडप गार. मी मनातल्या मनात त्यांची बदली करून टाकली. पण चेअरमनना वाटलं, माणूस पगाराबद्दल बोलतोय आणि सगळ्यांच्या वतीनं बोलतोय. त्या दिवाळीला स्टाफला साखर जरा जास्त सुटली. सगळ्यांनी येऊन सरांचे आभार मानले, हात मिळवायला हात पुढं केले. सरांनी सगळ्यांना लांबूनच रामराम केला. तेव्हा सगळे चिडले.

तर असा माणूस. त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये मी कितीतरी वर्षं काढली. दोघांत एक भिंत, एक ओटा आणि एक पाण्याची टाकी. माझ्या घरात बायको, पोरं, सासू, गलका. त्यांच्या घरात ते. दुपारी त्यांच्याकडून भांड्याचा आवाज आला नाही की आमची बायको म्हणायची, "जेवला का न्हाई हा माणूस, बघा जरा." मी बघायचो. जेवलेले असायचे. भाकरी कुस्करून दुधात भिजवायची आणि चमच्यानं खायची, चमचाही दोन बोटांच्या बेचक्यात नुसता अडकवलेला. घास तोडणं, पिळणं, आवळणं असलं काही त्यांच्या घरात चालायचंच नाही. कपडे धुऊन न पिळता तसेच वाळत घालायचे, ओट्यावर तळं साचायचं, आणि आमची बायको घसरली की मी शिव्या खायचो.

घरातल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी जुन्या धोतराच्या चिंधीचा फास बांधला होता. कडीला फास, बादलीला फास, कपाटाला फास. मनगट घालायचं आणि ओढायचं. चहा बशीत ओतून दोन्ही तळव्यांवर धरून प्यायचे. पिशवी कायम खांद्याला. एसटी सुटताना दिसली तरी पळायचे नाहीत. "गेली तर गेली," म्हणायचे आणि फाट्यावर पुढच्या गाडीची वाट बघत उभे राहायचे. थंडीच्या दिवसांत सकाळी टाकीवर तोंड धुतलं की डोळे मिटून तिथंच उभे. माझी सासू म्हणायची, सकाळचं ध्यान करतोय, लई देवभोळा हाय. देवाच्या वाटेला हा माणूस कधी गेलेला मी बघितला नव्हता.

मी त्यांना चक्रम समजायचो. सगळेच समजायचे. शिकवायचेही तसंच. अभ्यासक्रमात बेडूक असो, कबुतर असो नाहीतर माणसाचं जठर असो, सरांची गाडी फिरून फिरून एकाच स्टेशनावर यायची. कॅल्शियमचा पंप. माझा वर्ग भिंतीपलीकडंच. मी इकडं मुळांचे प्रकार सांगायचो आणि तिकडून पंप ऐकू यायचा. इतक्यांदा ऐकलाय की आजही झोपेतून उठवलं तर म्हणून दाखवीन.

"स्नायूच्या पेशीच्या आत एक हौद असतो," सर सांगायचे. "जाळीसारखा. बारीक पडद्याच्या पिशव्यांचा. त्यात कॅल्शियम भरून ठेवलेलं हाय. मज्जातंतूचा निरोप आला की हौदाची दारं उघडतेत, कॅल्शियम भसकन बाहेर येतं आणि स्नायू आवळतो. त्याला काय कष्ट न्हाईत, उताराचं पाणी ते. आता स्नायू सैल व्हायचा असंल तर? सांडलेलं सगळं परत हौदात भरायला पायजे. चढावर. कोण भरणार?"

"पंप," पोरं कंटाळून ओरडायची.

"पंप. हौदाच्या पडद्यात प्रथिनाचे पंप बसवलेत, शेजारी शेजारी, दाटीवाटीनं. एकेकाला दोन तोंडं. बाहेरचं तोंड उघडतं, दोन कॅल्शियम आत येऊन बसतेत. एटीपीचा, म्हणजे पेशीतल्या इंधनाचा, एक रेणू मोडतो, त्याची ताकद मिळती, आणि प्रथिन अंग वळवतं. बाहेरचं तोंड मिटतं, मग आतलं उघडतं, दोघं हौदात पडतेत. परत बाहेरचं उघडतं. दोन्ही तोंडं एकदम कधीच उघडी राहत न्हाईत. राहिली तर भरलेलं सगळं वाहून जाईल."

हे सांगताना फळ्यावर चित्र निघायचं. खडू बोटांच्या टोकांवर नुसता टेकवलेला, त्यामुळं चित्र पूर्ण होईस्तोवर तो चार वेळा खाली पडायचा. पहिल्या बाकावरचं कुणीतरी उचलून द्यायचं.

एकदा मागून एकजण म्हणाला, "सर, कितीची मोटर हाय ही? पाचची का साडेसातची?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "मोटर तुझ्या बापाच्या विहिरीवर हाय," ते म्हणाले, "आन तिथं पाणी न्हाई. इथं पाणी लई हाय, मोटर कमी पडती." असं म्हणून स्वतःच्या दंडावर हात ठेवला. पोरांना वाटलं, सरांनी टोला हाणला. मलाही तेच वाटलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आवळायला काय लागत न्हाई, सोडायला ताकद लागती." ते कुठंही चिकटवायचे. संचालक मंडळाची निवडणूक लागली आणि जुनी खोडं परत उभी राहिली की म्हणायचे, "पंप दमलेत बिचाऱ्यांचे. खुर्ची सुटत न्हाई." मी शेवटी वैतागून एकदा म्हणालो, "सर, आवळायलाही ताकद लागतेच की. वनस्पतीवाला असलो तरी इतकं कळतं मला."

"लागती," ते म्हणाले. "पण ती दिसती. दगड उचलला, पैलवानकी केली, लोक बघतेत. सोडायला लागती ती कुणाला दिसत न्हाई. म्हणून कुणी मोजत न्हाई तिला." आणि वर म्हणाले, "मेल्यावर तेच होतं. इंधन संपतं, पंप थांबतो, आन माणूस लाकडासारखा आवळून बसतो." मला चहा जाईना. चार वाजताच्या चहाला कुणी असलं बोलतं का?

मग तो दुष्काळ पडला. लागोपाठचा होता, म्हणून जास्त लागला. कारखान्याचं गाळप बंद, धुराड्यावर कावळे. परळीला वीज करायलाच पाणी न्हाई म्हणे, असं लोक बोलायचे, तिथं आमच्या टाकीला कोण विचारतो. टँकर आला की सगळी कॉलनी हंडे घेऊन पळायची. सर पळायचे नाहीत. त्यांचा एक हंडा आमची बायको भरून ठेवायची आणि त्यांना तसं कळूही द्यायची नाही, गडी पाणी भरून गेला म्हणायची. आमच्याकडं गडी कधीच नव्हता.

कारखान्यानं वजनकाट्याच्या मागच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. बाहेरून ट्रकच्या ट्रक वाढं यायचं. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. गावोगावची जनावरं दावणीला आली आणि प्रत्येक घरातलं एक माणूस पालाच्या सावलीत मुक्कामाला आलं. सगळे खूश होते, कारण वाढं हिरवं दिसतं आणि जनावर आवडीनं खातं. एकटे सर नाखूश.

"नुसतं वाढं घालू नका," ते दावणीदावणीनं सांगत फिरायला लागले. "त्यात ऑक्झलेट असतं. ते अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं, जनावराला मिळू देत न्हाई. चुन्याची निवळी शिंपडा." कारखान्यात उसाचा रस साफ करायला चुना लागतोच. गाळप बंद असल्यानं गोदामात तो पडून होता. सरांनी स्टोअरकीपरला गाठून पोती मिळवली. चुना पाण्यात भिजवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी बागेच्या झारीत भरायचं आणि झारी कोपराच्या वाकणात अडकवून वाढ्यावर शिंपडत हिंडायचं. रोज कॉलेज सुटलं की हा उद्योग.

"आले, चुना लावायला आले," लोक म्हणायचे. काही जण ऐकायचे, बरेच जण सर गेले की वाढं झटकून घालायचे. ज्यांनी ऐकलं त्यांचीच जनावरं टिकली असं काही मी म्हणणार नाही, कुणी बघत नव्हतं. पण सर त्या दिवसांत खुशीत होते, हे मी पैजेवर सांगतो. संध्याकाळी परत येताना गुणगुणायचे. आयुष्यभर पाठ केलेल्या गोष्टीचं काहीतरी काम निघालं होतं.

आणि एक दिवस ते झारी तिथंच टाकून परत आले. दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. ओट्यावर बसून राहिले.

मी विचारलं, "काय झालं? संपला काय चुना?"

"वैनी आल्यात छावणीत," ते म्हणाले. "चकलांब्याच्या. गुरं घेऊन."

"मग चांगलं की. तुम्हाला वहिनी आहे हेच मला माहीत नव्हतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी मधे न बोलता ऐकलं, आणि मी मधे न बोलता सहसा काही ऐकत नाही.

त्यांची आई म्हणजे त्यांच्या वडलांच्या मामाचीच मुलगी. आमच्या भागात त्यात नवल काही नाही. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, दुसरीकडं सोयरीक करायची तर आधी मामाला विचारायचं. तशीच सरांसाठी त्यांच्या मामाची मुलगी पाळण्यापासून ठरलेली. लहानपणी सुट्टीत आजोळी गेले की दोघं बरोबर खेळायचे. मोठेपणी समोर आले की ती आत पळायची. "मला ती पसंत होती," सर म्हणाले. "दुसरी कुणी मनात पण आली न्हाई. तेव्हा न्हाई, नंतर न्हाई."

पण सरांचे हात लहानपणापासून असे. एखादी वस्तू जोर लावून धरली की मूठ आवळून बसायची, सैल व्हायला वेळ लागायचा. दुखायचं नाही, नुसतं सुटायचं नाही. पळालं की पाय ताठ. थंडीत डोळे घट्ट मिटले की पापण्याही लवकर उघडायच्या नाहीत. शाळेत गुरुजी म्हणायचे, हात पुढं कर. हा मूठ पुढं करायचा. गुरुजींना वाटायचं पोरगं मुजोर आहे, ते मुठीवरच छडी मारायचे. जितकं मारायचे तितकी मूठ घट्ट. आईनं अंगारे बांधले, बापानं तालमीत घातला, आणि तालमीत तर पोरं मुद्दाम हात मिळवून मजा बघायची.

पुढं हैदराबादला शिकायला गेल्यावर त्यांना हा पंप भेटला. मोठ्या दवाखान्यात त्यांच्या दंडाच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला. हौद ठीक होता, दारं ठीक होती, परत भरणारा पंप मंद होता. आईकडून एक आणि वडलांकडून एक, पंप घडवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही नकला बिघडलेल्या मिळाल्या की असं होतं. आई-वडील एकाच रक्ताचे. आणि मामाची मुलगी त्याच रक्ताची.

"जिवाला धोका काय नव्हता," सर म्हणाले. "झालं असतं तर एखाद्या पोराला झालं असतं, न्हाईतर कुणालाच न्हाई. पण मला ते गुरुजी दिसायचे. माझंच पोरगं मूठ पुढं करून उभं हाय असं दिसायचं. मी मामांना सांगितलं, मला करायचं न्हाई. कशामुळं ते सांगितलं न्हाई. लाज वाटली. मामांनी दार लावून घेतलं ते लावूनच. आई गेली तेव्हा पण आले न्हाईत."

मामांनी मग मुलगी दुसऱ्या भाच्याला दिली. म्हणजे सरांच्या मावशीच्या मुलाला, चकलांब्याला. तो सरांपेक्षा मोठा. म्हणून ती आता वहिनी.

मी वनस्पतीवाला असलो तरी माझ्या लगेच ध्यानात आलं. "अहो, म्हणजे परत तेच रक्त की!"

"मला कळलं तेव्हा लग्न होऊन गेलतं."

"मग पोरं कशी आहेत त्यांची?"

"विचारलं न्हाई."

"इतक्या वर्षांत?"

"काय विचारू?" सर म्हणाले. "पोरं चांगली असतील तर मी उगीच न्हाई म्हणलो. नसतील तर मी आधी सांगायला पायजे होतं, आन मी गप बसलो. दोन्हीकडून मीच. आन आता ती वजनकाट्याच्या मागं बसलीय."

आमच्या बायकोनं आतून सगळं ऐकलं होतं. ती चहा घेऊन आली, सरांच्या पुढं बशी ठेवली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

काही दिवसांनी दुपारी छावणीतून निरोप आला की चकलांब्याच्या बाईची जर्सी गाय बसली, उठत न्हाई, सरांना बोलावलंय. वहिनींनी बोलावलं नव्हतं. निवळीवाल्या लोकांनी बोलावलं होतं. सर उठले, बसले, परत उठले. मी त्यांच्याबरोबर गेलो.

गाय नुकती व्यालेली. मान पोटाकडं वळवून पडली होती, कान गार, नाक कोरडं. शेजारी एक बाई बसलेली. डोक्यावरून पदर, हात गाईच्या गळ्यावर. तिनं वर बघितलं, सरांना बघितलं आणि परत गाईकडं बघायला लागली. ही गाय गेली तर घरात दूध नव्हतं आणि दुसरं काहीही नव्हतं, एवढं तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. नवरा दम्यानं घरी बसलेला.

"दुधात कॅल्शियम गेलं," सर जमिनीकडं बघत म्हणाले. "आन वाढ्यानं मिळू दिलं न्हाई. डॉक्टरला बोलवा. शिरेतून द्यावं लागतं."

गुरांचे डॉक्टर आले. त्यांच्यासोबतचा माणूस आला नव्हता. त्यांनी कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात धरली, मानेच्या शिरेत सुई घातली. "कुणीतरी बाटली उंच धरा. हलवू नका. सावकाश जायला पायजे, घाई केली तर काळीज थांबेल गाईचं," असं म्हणून ते गाईच्या छातीला नळी लावून बसले. माझ्या हातात गाईची शिंगं होती. दुसरं कुणी पुढं यायच्या आत सरांनी बाटली घेतली आणि हात वर केला.

मला बोलायचं होतं की सर, तुम्ही नको. बोललो नाही. ज्या माणसानं जन्मभर बादलीची कडी धरली नाही, तो बाटली धरून उन्हात उभा होता. घाम त्यांच्या कोपरापर्यंत आला. थेंब थेंब औषध उतरत राहिलं. मग गाईच्या अंगावर थरथर आली, तिनं ढेकर दिली, शेण टाकलं आणि पुढचे गुडघे टेकत टेकत उठून उभी राहिली. वहिनी गाईच्या मानेला तोंड लावून रडायला लागल्या.

"द्या सर बाटली," डॉक्टर म्हणाले.

सर तसेच उभे. हात खाली आला होता, बाटली हातातच.

"अहो द्या की. रिकामी हाय ती."

लोक हसायला लागले. एकानं बाटली धरून ओढायला सुरुवात केली. तेवढ्यात वहिनी गाईला सोडून पुढं आल्या.

"वढू नका," त्या म्हणाल्या. "त्येंची लवकर सुटत न्हाई. जरा दम धरा."

त्यांनी सरांना पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर बसवलं. स्वतः समोर खाली बसल्या. त्यांची मूठ हातात घेतली, मनगट चोळलं आणि करंगळीपासून एकेक बोट उकलायला लागल्या. इतक्या सवयीनं, की बघणारे हसायचे थांबले आणि आपापल्या दावणीकडं गेले. मी गेलो नाही. जायला पाहिजे होतं, पण पाय निघाला नाही.

"तुमाला ठाऊक होतं?" सरांनी विचारलं.

"ठाऊक नसायला काय झालं?" त्या बोटांकडंच बघत म्हणाल्या. "सुट्टीला यायचाव तवा विहिरीवर पोहऱ्याचा दोर तुमच्या हातून कोण सोडवायचं? मीच की. तुमी इसरलाव."

सर विसरले होते. त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"मला वाटलं, तुमाला शिकलेली पायजे होती," त्या म्हणाल्या. "आमच्या दादांना, तुमच्या मामांना बी तसंच वाटलं."

"तसं न्हाई," सर म्हणाले. "पोरांना झालं असतं. एकाच रक्तामुळं. म्हणून."

वहिनींचे हात थांबले. त्यांनी पहिल्यांदा सरांच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"माझ्या थोरल्याला हाय की भावजी," त्या म्हणाल्या. "आसंच."

सरांचं काय झालं असेल ते मला सांगता येत नाही. वहिनी जणू शेजारच्या पोराबद्दल बोलावं तशा बोलत राहिल्या. थोरला ऊसतोडीच्या टोळीत बैलगाडी हाकतो. कासरा हातातून सुटत न्हाई, म्हणून बैल बी दमानं चालतेत. बायको तोडणीला सोबत असती, सांजच्याला तीच त्याची बोटं मोकळी करती. दोन लेकरं हायत, त्येंचे हात चांगले हायत.

"शाळेत मारलं का त्याला?" सरांनी विचारलं.

"मारलं एकदा मास्तरनं. मी गेले शाळेत. मास्तरच्या म्होरं बसून त्याची मूठ आत्ता ही उघडतीया तशी उघडून दाखवली. परत न्हाई मारलं."

शेवटचं बोट सुटलं. वहिनींनी बाटली काढून घेतली आणि खाली ठेवली. पदर सारखा केला. "सांगितलं असतं तर मी हो म्हणले असते," त्या म्हणाल्या, आणि गाईला पाणी दाखवायला उठून गेल्या.

घरी येताना मी बोललो. काय बोललो आठवत नाही, काहीतरी बडबडत राहिलो, कारण नुसतं चालणं मला सोसत नव्हतं. मला त्यांचा रागही आला होता, खरं सांगतो. एवढा शिकलेला माणूस, आणि एकदा तोंड उघडून सांगू नये? दुसऱ्या दिवशी मात्र ते झारी घेऊन छावणीत गेले आणि पाऊस लागून छावणी उठेपर्यंत रोज जात राहिले. वहिनींच्या दावणीला निवळी शिंपडायचे, रामराम करायचे, पुढं जायचे. एवढंच. निघताना वहिनी म्हणाल्या, "या की कधी घरी. थोरल्याला भेटा."

"येतो," सर म्हणाले. आणि जाईनात. आज तपासणी, उद्या परीक्षा. आमच्या बायकोनं शेवटी त्यांना सुनावलं की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत तरी जा, मग पोरगं कुठं घावणार आहे तुम्हाला. तेव्हा दिवाळीनंतर एका सकाळी ते निघाले. थंडी पडली होती. लेकरांना खाऊ म्हणून पिशवी घेतली होती, आणि ती खांद्याला न लावता हातात धरली होती. मी बघितलं, पण टोकलं नाही.

संध्याकाळच्या गाडीनं परत आले. मी ओट्यावरच बसलो होतो.

"भेटला?"

"भेटला," ते म्हणाले. चप्पल काढून माझ्याजवळ बसले. "फाट्यावरनं चालत गेलो. हा नुकताच गाडी घेऊन आलता, बैल बांधत होता. येऊन पाया पडला. मी हात धरून उठवलं. आन बसलं अडकून."

"म्हणजे?"

"त्याचा सुटंना, माझा पण सुटंना."

मला हसू आवरेना. सरही हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं, खांदे हलवून.

"मग काय केलं?"

"काय करणार? उभं राहिलो अंगणात एकमेकाकडं बघत. लेकरं भोवती नाचायला लागली. तो म्हणला, काका, तुमाला बी हाय व्हय? म्हणलं, हाय. कुणालाच घाई नव्हती. एवढा वेळ माझा हात कुणी धरला न्हाई कधी."

"आणि वहिनी?"

"त्या कापूस वेचायला गेल्या होत्या."

"मग सुटला कसा?"

"त्याची बायको आली घरातनं. हात पुसले, हसली, आन त्याची बोटं सोडवून घेतली. म्हणली, चला, जेवून घ्या, भाकरी गार होती. त्याला घेऊन आत गेली."

"आणि तुमची?"

सर आपल्या तळव्याकडं बघत बसले होते.

"माझी नंतर सुटली," ते म्हणाले. "आपोआप."